बिस्किटाच्या डब्यातली अकरा औषधं

डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी छाती भरते असं कोणी मला गिरणीवर येऊन सांगितलं असतं, तर मी त्याचं दळण रांगेत सगळ्यात शेवटी ठेवलं असतं. डोळे कुठे, छाती कुठे. पण गेल्या वर्षी माघात नेमकं तेच झालं. आणि ते पकडलं बाजारातल्या मेडिकलवाल्या ताईने.

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, तिठ्यावर, माझी पिठाची गिरण आहे. वडिलांची होती, आता माझी. तांदूळ, नाचणी, गहू, वड्याचं पीठ, श्रावण लागला की मोदकाचं पीठ. पीठ नाकातोंडात जाऊन जाऊन चाळिशीतच दमा लागला, आता छपन्न पुरी झाली. दमा आमच्या घरात पाहुणा राहिलेला नाही. त्याची स्वतःची खुंटी आहे.

काचबिंदूची सुरुवात दिसते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी विचारलं होतं, दुसरा काही आजार? मी म्हटलं, बीपी. दमा लपवला असं नाही. डोळ्याच्या माणसाला छातीचं कशाला सांगायचं, एवढाच विचार. पहिली बाटली तिकडेच दवाखान्याला लागून असलेल्या दुकानातून घेतली. पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला सुरू झाला. पहाटे तीनला उठून बसायचं, पंप मारायचा, खिडकी उघडायची. मी म्हटलं, आंब्याला मोहर आलाय, त्याचा त्रास. बायको म्हणाली, "मोहर दरवर्षी येता. तुमी दरवर्षी असे उठान बसणास नाय."

बाटली संपली तेव्हा बाजारात ताईच्या दुकानात गेलो आणि नेहमीचा निळा पंपही मागितला. ती दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवायला आली आणि मध्येच थांबली. एका हातात थेंब, दुसऱ्या हातात पंप.

"काका, हे थेंब कोणाचे?"

"माझेच."

"आणि पंप?"

"तोही माझाच. गावाचो न्हय."

ती हसली नाही. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. थेंबांत टिमोलॉल होतं. तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. पंपातलं औषध श्वासनळ्यांच्या ज्या कुलपात किल्ली घालून दार उघडतं, त्याच कुलपात हे औषध आतून कडी लावतं. आणि डोळ्यातला थेंब डोळ्यात राहत नाही. कोपऱ्यातल्या बारीक नळीने नाकात उतरतो, तिथून रक्तात.

"थेंब घातल्यावर घशाशी कडू लागतं ना?"

लागायचं. रोज लागायचं.

"म्हणजे पोचला," ती म्हणाली.

तिने माझ्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिने फक्त एवढंच सांगितलं की पेशंटला दमा आहे, पंपावर आहेत, तुम्हाला सांगायचं राहिलंय. पलीकडून लगेच दुसरं औषध आलं, दिवसातून एकदाच रात्री घालायचं आणि फोडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं. चार-पाच दिवसांत पहाटेचा खोकला उतरला. मोहर तसाच होता.

ही ताई चिपळूणची माहेरवाशीण, इकडे सून होऊन आली. बी. फार्म. झालेली. दुकान सासऱ्यांचं. भिंतीवर फार्मसी कौन्सिलचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे, त्याच्याकडे मी वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आपल्या लेखी मेडिकलवाला म्हणजे डॉक्टरचं अक्षर लागणारा आणि पाकीट कात्रीने सरळ कापणारा माणूस. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही हा कायदा १९४८ चा, आणि रुग्णाला औषध समजावून सांगणं हे त्याच्या कामातच धरलंय, ते २०१५ च्या नियमांत. हे मला तिनेच पुढे कधीतरी सांगितलं, तेही मी "तुम्ही एवढं कशाला बघता?" असं विचारल्यावर.

त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "उद्या दुपारी दीडला या. एकला मी शटर अर्धं ओढते, कोणी नसतं. घरात जे जे औषध आहे ते घेऊन या. संपत आलेलं, अर्धवट, दुसऱ्याचं, सगळं."

आमच्याकडे औषधं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. डबा तसाच नेला. तिने काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू ओळीने मांडली. अकरा निघाली. दोन पंप, त्यातला एक रिकामा. कॅप्सूलमधली पूड तोंडाने छातीत ओढायचं मशीन आणि एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत त्याच्या सुट्या कॅप्सूल. डेरिफायलिन, म्हणजे दम्याची गोळी. बीपीची गोळी. गुडघ्याची गोळी. खोकल्याचं औषध. नाकातले थेंब. झोपेच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. पित्ताची गोळी. आणि एक ट्यूब, जी कशाची ते मलाही माहीत नव्हतं.

"आता पंप घेऊन दाखवा."

मी दाखवला. पंधरा वर्षांची सवय, त्यात दाखवायचं काय? तोंडात धरला, दाबला, मग श्वास घेतला, लगेच सोडला. ती म्हणाली, "काका, औषध गेलं जिभेवर. छाती वाट बघत बसली." हलवला नव्हता, आधी श्वास पूर्ण सोडला नव्हता, दाबणं आणि ओढणं एकदम झालं नव्हतं, दहा आकडे मोजेपर्यंत धरला नव्हता. मग कॅप्सूलचं मशीन. तिथे उलटी चूक, मी फार हळू ओढत होतो.

ती म्हणाली ते मी आजही दुसऱ्यांना सांगतो. पंप घ्यायचा तो गरम पेज प्यायल्यासारखा, सावकाश, लांब. आणि मशीन ओढायचं ते शहाळ्याच्या तळातलं शेवटचं पाणी नळीने ओढतो तसं, जोरात, एका दमात. आत कॅप्सूल फिरल्याचा खर्रर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर पोचलं नाही.

माझ्या कॅप्सूलचा आवाज कसा येणार? तिने डबीतली एक उघडली. आतली पूड ओल्या रांगोळीसारखी गोळा झाली होती. सोयीचं पडतं म्हणून मी महिन्याच्या कॅप्सूल एकदम सोलून डबीत भरून गिरणीच्या फळीवर ठेवायचो. समुद्र दोन किलोमीटरवर. इथे मीठ पाणी सोडतं, पापड नरम पडतो, तिथे कॅप्सूल काय टिकणार. ती म्हणाली, "घ्यायच्या वेळी सोलायची, आधी एक मिनिटही नाही." वर हेही सांगितलं की ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे तिच्याकडे महिन्याला एक-दोन तरी निघतात. मी गिळत नव्हतो. त्या दिवशी मला मिळालेला तेवढाच एक मार्क.

मग तिने जुनी बिलं काढली. निळा पंप २०० फवाऱ्यांचा असतो. माझे तीन महिन्यांत तीन पंप गेले होते. जगभरचे दम्याचे डॉक्टर जे मार्गदर्शन पाळतात त्यात वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागणं हीच धोक्याची खूण धरलीय, आणि बारा लागले तर जिवाचा धोका वाढतो. मी तीन महिन्यांत वर्षाचं काम उरकलं होतं. २०१९ पासून त्या मार्गदर्शनाने नुसत्या निळ्या पंपावर दमा काढणं सोडूनच द्या असं म्हटलंय, कारण तो नळी उघडतो पण आतली सूज तशीच राहते. हे सगळं ती बिलं चाळत चाळत, कोणाचं नाव न घेता, सहज सांगत होती. मला मात्र घाम आला.

सगळ्यात शेवटी तिने एका बिलाच्या पाठीवर बाण काढले. झोपताना मी डेरिफायलिन घ्यायचो. त्याने छाती मोकळी वाटते, पण धडधडतं आणि झोप उडते. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू सैल पडतात, घोरणं वाढतं. सकाळी डोकं जड, म्हणून गुडघ्याचीच गोळी डोक्याला. ती गोळी काही दमेकऱ्यांना सोसत नाही, दमा उसळतो. रात्री परत डेरिफायलिन. नाकातले थेंब तर वर्षभर चालू होते. चार-पाच दिवसांवर वापरले की नाक त्यांनाच सवकतं आणि जास्त चोंदतं. बाण फिरून पहिल्या जागी आला. सापशिडीत नुसते सापच.

यात कोणा एकाची चूक म्हणावी तर तीही नाही. डेरिफायलिन गावच्या डॉक्टरांची, कधीतरी आठ दिवसांसाठी दिलेली. झोपेच्या गोळ्या मेव्हण्याच्या. नाकातले थेंब शेजाऱ्याने सुचवलेले. गुडघ्याची गोळी माझी मीच. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला होता. अकरा वस्तू एका वर्तमानपत्रावर पहिल्यांदा मांडल्या त्या तिने.

असं सगळं झाल्यावर माणूस सुधारतो असं वाटेल. मी आठ दिवसांनी तिच्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला गेलो.

पंप नीट घ्यायला लागल्यापासून छाती बरी होती. पण झोप लागत नव्हती आणि दिवसा मात्र जिथे बसेन तिथे मान पडत होती. "दोनच द्या," मी म्हटलं. ती नाही म्हणाली. पाकिटावरची लाल चौकट दाखवली. ही एच-वन यादीतली औषधं, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, प्रत्येक विक्री वेगळ्या वहीत पेशंटच्या नि डॉक्टरच्या नावासकट लिहावी लागते आणि वही तीन वर्षं ठेवावी लागते. "पण वही नसती तरी दिली नसती," असंही म्हणाली. "काकी म्हणतात तुमचा श्वास झोपेत अडकतो. तसं असेल तर ही गोळी म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणं."

मी चिडलो. वीस वर्षं आमचं पीठ खाता आणि दोन गोळ्या देत नाही, असं काहीतरी बोललो. तिथून निघून दुसऱ्या एका दुकानात गेलो, तिथे कोणी काही विचारलं नाही, पाच गोळ्या कापून दिल्या. वर ते हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचे दिवस. काजूचा हंगाम, मित्राच्या बागेत संध्याकाळी ताजी धार. गोळी आणि हुर्राक एकाच रात्री पोटात गेलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गिरणवाल्याचे कान डोळ्यांपेक्षा तिखट असतात. वरच्या डब्यातलं दळण संपत आलं की गिरणीचा आवाज बदलतो. भरल्या तोंडाचा घुमणारा आवाज पातळ होत जातो आणि मग दगडाला दगड लागतो. मी खाटेवर पाठ टेकून असलो तरी तो बदल ऐकून उठतो. वडीलही तसेच उठायचे. त्या सकाळी मी स्टुलावर बसल्या बसल्या झोपलो, आणि उठलो नाही. दगड कोरडे फिरले. जळका वास तिठ्यापर्यंत गेला तेव्हा दळणाला आलेल्या एका म्हाताऱ्याने बटण बंद केलं आणि माझा खांदा हलवला. "अरे, गहू दळतस की दगड भाजतस?"

हात पट्ट्यात गेला असता तरी मला कळलं नसतं. दगडांना टाकी मारून घ्यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात बायको मला न सांगता ताईकडे जाऊन बसली.

ताईने तिला आठ प्रश्नांचा कागद दिला, एपवर्थ म्हणतात त्या मोजणीचा. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर बसल्यावर, जेवल्यानंतर, कोणाशी बोलता बोलता झोप लागण्याची शक्यता किती. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २४. दहाच्या वर गेलं की विचार करायचा. माझं बायकोने भरलेलं उत्तर १७ आलं. मी म्हटलं, वाढवून सांगितलंस. ती म्हणाली, "दशावतारात संकासुर नाचत होतो तेवा तुमी घोरत होतास. लोक संकासुराक सोडून तुमका बघत होते." मग ताईने टेपने गळ्याचा घेर घेतला, ४३ सेंटिमीटर. चाळिसाच्या वर गेला तर तोही हिशेबात धरतात. बीपी, वय, पुरुष, घोरणं, वजन ९४ किलो. ती म्हणाली, "हे मी ठरवू शकत नाही. तपासणी लागेल. पण हे घेऊन जा."

ते म्हणजे एक पानाचा कागद. वर माझं नाव-वय, खाली तक्ता. औषध, किती, कधी, कोणी दिलं, कधीपासून. जी थांबवावी असं तिला वाटत होतं त्यांच्यापुढे तिने थांबवा असं लिहिलं नव्हतं, "विचार व्हावा" असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ: दमा असल्याने टिमोलॉल थेंब बदलले.

आंबोलीमार्गे कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर करून आधी तो कागद वाचला. दोनदा. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून एका तरुण मुलाला बोलावलं. मला वाटलं शिकाऊ डॉक्टर. तो होता फार्म. डी., म्हणजे सहा वर्षांचा औषधांचाच अभ्यास, आपल्याकडे हा २००८ पासून सुरू झालाय. त्या दवाखान्यात दमा आणि झोपेच्या पेशंटांची औषधं तोच बघतो; डॉक्टर निदान करतात, झोपेची तपासणी एक बाई करतात, आणि हा औषधं, पंप, मशीनचं साहित्य यांचा मेळ घालतो. त्याने कागद घेतला आणि कौतुकाने विचारलं, "हे कोणी केलंय?" मी सांगितलं. त्याने तिथूनच ताईला फोन लावला. दोघं दहा मिनिटं बोलले. त्या दहा मिनिटांत माझ्या आयुष्यातली पंधरा वर्षं निकाली निघत होती आणि मला अर्धंही समजत नव्हतं.

डेरिफायलिन बंद झाली. दोन पंप आणि मशीनच्या जागी एकच पंप आला, सूज उतरवणारं आणि नळी उघडणारं औषध एकत्र असलेला. रोज सकाळी दोन, रात्री दोन, आणि मध्ये दम लागला तरी तोच. निळा पंप, कॅप्सूल, सगळं गेलं. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. नाकातल्या थेंबांऐवजी फवारा, तोही उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे मधल्या पडद्यावर मारा होत नाही. गुडघ्यासाठी दुसरी गोळी.

झोपेची तपासणी रात्री. डोक्याला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. एवढं बांधल्यावर झोप कशी येणार असं मी म्हटलं आणि, त्या बाई म्हणाल्या, सहा मिनिटांत झोपलो. पूर्वार्धात नुसती मोजणी, उत्तरार्धात नाकावर मास्क लावून हवेचं मशीन. सकाळी आकडा सांगितला: तासाला ३८ वेळा श्वास बंद किंवा अर्धवट. पाचाच्या खाली ठीक, तीसच्या वर गंभीर. मी तोंडी हिशेब केला. सहा तासांचे २२८. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ पर्यंत गेला होता. इतक्या वेळा गळा दाबला जाताना उठवायला शरीर धडपडत होतं आणि मी वर त्यालाच गोळी देऊन गप्प बसवत होतो.

हवेचं मशीन म्हणजे सीपॅप. औषध नाही, ऑक्सिजनही नाही, साधी हवाच थोड्या दाबाने आत लोटतं, म्हणजे घसा मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा १९८१ मध्ये जगापुढे मांडलं, असं त्या मुलाने सांगितलं. ते साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण त्याच साली आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला.

परतताना घाटात मी जागा होतो. एसटीत खिडकीशी बसून आंबोलीची वळणं मोजत होतो. बायको शेजारी झोपली होती. कित्येक वर्षांची राहिलेली झोप बहुतेक.

मशीन घरी आलं आणि खरा त्रास सुरू झाला. पहिला अडथळा माझी मिशी. मास्क तिच्यावर बसेना, कडेने हवा सुटायची आणि शिट्टी वाजायची. शेजारच्या घरात नवीन पाखरू आलंय का, असं विचारून झालं. मिशी काढायचा सल्ला सगळ्यांनी दिला, कोल्हापूरहूनही फोनवर आला. ताईने मात्र विचारलं, "नाकपुड्यांत बसणाऱ्या उश्यांचा मास्क मिळतो, तो मिशीच्या वर राहतो, बघायचा का?" त्या मुलाशी बोलून मागवला. मिशी आहे.

दुसरा, पाणी. मशीनला जोडलेल्या डबीत पाणी घालायचं म्हणजे नाक कोरडं पडत नाही. मी विहिरीचं उकळून घालणार होतो. ती म्हणाली, डिस्टिल्ड पाणीच, आणि सकाळी उरलेलं ओतून टाकायचं, डबी उपडी घालायची.

तिसरा, पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आषाढात मला एकदम खोकला सुरू झाला. मशीन लावलं की खोकला, काढलं की थांबायचा. मी ठरवलं, मशीनच बाधतंय, आणि दोन रात्री लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईने दुकानातून फोन केला. ती दर सोमवारी विचारते, किती तास? मी सांगितलं. म्हणाली, नळी आणि मास्क घेऊन या. तिने मास्क नाकाशी धरला आणि बायकोकडे पाहिलं.

"काकी, हे वाळत कुठे घालता?"

"चुलीवरच्या दांडीवर. कपडे घालतंय थंयच. मगे ह्या पावसात नळी सुकतली खंय?"

मी रोज रात्री दाबाने चुलीचा धूर ओढत होतो. गॅस आहे आमच्याकडे, पण पावसाळ्यात कपडे सुकवायला आणि आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटतेच. त्या दिवसापासून नळी साबणाच्या पाण्यात धुऊन माजघरात पंख्याखाली लोंबकळते. पहिल्यांदा घरी आलेला माणूस दचकतो.

लाईट जाण्यावर मात्र कोणाकडेच औषध नाही. इन्व्हर्टर घेतला, एक रात्र चालतो. दोन रात्री गेली तर मी कुशीवर झोपतो आणि बायको कोपर मारते.

आता मशीनच्या पडद्यावर महिन्याची सरासरी पावणेसहा तास दाखवते, आणि तासाला ३८ चे तीन झालेत. रात्री किमान चार तास, तेही दहातल्या सात रात्री, एवढं झालं की वापर समाधानकारक धरतात. मी त्याच्या पुढे आहे. गिरणीचा आवाज बदलला की मला कळतं.

एक गोष्ट सारखी खटकते. माझं ताईच्या दुकानाचं बिल महिन्याला आठशे-नऊशे रुपयांनी कमी झालं, कारण तिने माझी निम्मी औषधं बंद करवली. त्या दुपारच्या, त्या फोनच्या, त्या कागदाच्या तिने एक पैसा घेतला नाही. घेण्याची पद्धतच नाही आपल्याकडे. गोळी विकली तर पैसे, गोळी विकू नये हे कळलं तर फुकट. ज्या दुकानाने मला पाच गोळ्या कापून दिल्या, त्याचा मात्र त्या दिवशी धंदा झाला.

चतुर्थीआधी मी तिला दोन किलो मोदकाचं पीठ नेऊन दिलं, आंबेमोहराचं, दोनदा चाळलेलं. तिने पिशवी काउंटरखाली ठेवली आणि हात पुढे केला. "पंप?" माझ्या पंपाला पाठीमागे आकडा असतो, १२० पासून खाली येणारा. शून्य झालं होतं. तिने वही उघडली.

"रोजचे चार. म्हणजे ३० दिवस पुरायला हवा. तुमचा २६ दिवसांत संपला. सोळा जास्तीचे. कधी घेतले?"

मी आठवल्यासारखं केलं. आठवत होतंच. चतुर्थीच्या आधीचा आठवडा, सकाळपासून तांदळाची रांग, गिरणीत पुढचं माणूस दिसत नाही इतकं पीठ. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पिठासाठी मास्क सांगितलाय, ताईने तो जाड मास्क कसा दाबून बसवायचा तेही दाखवलंय.

"मास्क कुठे होता तेव्हा?"

"खुंटीला," मी म्हटलं.